‘एकदा करून बघायला काय हरकत आहे?’

वाचकाचं पत्र (नाव-गाव छापू नये अशी विनंती आहे, म्हणून थोडक्यात):

“मी निवृत्त माध्यमिक शिक्षक, विषय विज्ञान. मुलगा २४ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. दिवाळीला घरी आला तेव्हा त्यानं आईला सांगितलं की त्याला मुलींची ओढ वाटत नाही, मुलांची वाटते आणि हे त्याला नववीपासून ठाऊक आहे. हिनं चार दिवसांनी मला सांगितलं. मी रागावलो नाही, पण तेव्हापासून त्याच्याशी धड बोललोही नाही. माझ्या मेहुण्यांनी पुण्यात एक सेंटर शोधलं आहे. संमोहन, हार्मोनच्या तपासण्या आणि समुपदेशन असा तीन महिन्यांचा कोर्स, साठ हजार रुपये. दहा हजार आगाऊ भरले आहेत. मी नेटवर दोन्ही बाजू वाचल्या. उपयोग होत नाही म्हणणारे पुष्कळ आहेत, पण अमेरिकेतल्या एका नामवंत डॉक्टरनं दोनशे लोकांचा अभ्यास करून बदल होतो असं दाखवल्याचंही वाचलं. म्हणजे शास्त्रज्ञांतच एकमत नाही. मुलगा म्हणाला, ‘अण्णा, तुमचं समाधान होत असेल तर येतो मी.’ मग एकदा करून बघायला काय हरकत आहे? मध्येच तासगावकडचं एक चांगलं स्थळ आलं आहे. लग्न झालं की सुरळीत होईल, असं मेहुणे म्हणतात. आणि माझं कुठे चुकलं, तेही सांगा. मी कडक होतो आणि अकरावी-बारावीला त्याला लातूरला होस्टेलवर ठेवलं होतं.”

नमस्कार सर,

हरकत आहे. ती अपॉइंटमेंट रद्द करा.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण तारीख जवळ आली असेल आणि तुम्ही शेवटपर्यंत वाचेपर्यंत मेहुण्यांचा फोन येईल. आता कारणं. तुम्ही विज्ञान शिकवलं आहे, तेव्हा नुसतं ‘तज्ज्ञ असं म्हणतात’ एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि होऊही नये.

तुम्ही वाचलेला दोनशे जणांचा अभ्यास खरोखरच झाला होता. तो डॉ. रॉबर्ट स्पिट्झर यांचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हे मनोविकारतज्ज्ञ कुणी साधेसुधे गृहस्थ नव्हते. १९७३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं, त्यात पुढाकार यांचाच होता. त्यामुळे २००१ साली त्याच माणसानं परिषदेत उभं राहून ‘काही जणांचा कल बदलू शकतो’ असं म्हटल्यावर जगभर खळबळ उडाली. २००३ मध्ये तो अभ्यास एका प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला आणि तेव्हापासून आजपर्यंत कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे कल बदलून देण्याचे तथाकथित उपचार, विकणारा प्रत्येक जण त्याचा दाखला देत आला आहे.

आता तो अभ्यास केला कसा, ते बघा. १४३ पुरुष आणि ५७ स्त्रिया. अट अशी की आपल्यात काही ना काही बदल झाला आणि तो निदान पाच वर्षं टिकला, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनीच यायचं. ही माणसं मिळवली कुठून? बरीचशी अशा थेरपीचा प्रचार करणाऱ्या धार्मिक संस्थांकडून आणि थेरपिस्टांकडून. प्रत्येकाची एकदाच फोनवर पाऊण तासाची मुलाखत. थेरपीच्या आधी काय वाटत होतं आणि आता काय वाटतं, हे त्यांनी आठवून सांगायचं. तुलनेसाठी दुसरा गट नाही. किती जणांना बदल जाणवला नाही, किती जण अर्ध्यातून सोडून गेले, किती जण खचले, याचा पत्ताच नाही, कारण त्यांना बोलावलंच नव्हतं. लातूरच्या क्लासच्या फ्लेक्सवर दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागतात ना? त्यावरून क्लासचा निकाल किती टक्के लागला ते सांगता येत नाही. तसंच हे. तुमच्या वर्गात एखाद्यानं असा प्रयोग वहीत लिहून आणला असता, तर तुम्ही तो तिथल्या तिथे परत केला असता.

शेवटी खुद्द स्पिट्झर यांनीच तो परत घेतला. २०१२ साली, ऐंशीच्या घरात असताना, पार्किन्सन्सनं हात थरथरत असताना, त्यांनी नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. त्यात म्हटलं की माणसं आपल्या बदलाबद्दल जे सांगतात ते खरं की नाही हे ठरवायला माझ्याकडे कोणताही मार्ग नव्हता आणि ही या अभ्यासातली जीवघेणी त्रुटी होती. माझ्या अभ्यासावर विसंबून ज्या समलिंगी माणसांनी अशा थेरपीत आपला वेळ आणि शक्ती घालवली, त्यांची मी माफी मागतो, असंही लिहिलं. त्यांना हे करायला कुणी भाग पाडलं नव्हतं. २०१५ मध्ये ते गेले.

नेटवर अभ्यास सापडतो, माफी सापडत नाही. म्हणून तुम्हाला ‘दोन्ही बाजू’ दिसल्या.

तुम्ही म्हणाल, पण ती दोनशे माणसं खोटं बोलली का? सगळी नसतील. काही जणांना स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असतं. त्यांनी एका बाजूला चालायचं ठरवलं तर ते जमू शकतं, पण त्यात थेरपीनं काही घडवलेलं नसतं. काहींचा कल आयुष्यात आपला आपण थोडाफार सरकतो, विशेषतः काही स्त्रियांमध्ये हे दिसून आलं आहे. आपोआप सरकणं वेगळं आणि फी घेऊन कुणी सरकवणं वेगळं. आणि उरलेल्यांपैकी पुष्कळ जण आसपासच्यांना जे ऐकायचं होतं ते म्हणत होते. अमेरिकेत १९७६ साली ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ नावाची संस्था निघाली. समलिंगी माणसांना प्रार्थनेनं आणि समुपदेशनानं बदलवणं हेच तिचं काम. तिच्या संस्थापकांपैकी मायकेल बसी तीनच वर्षांत बाहेर पडले. दुसऱ्या एका कार्यकर्त्या पुरुषाच्या ते प्रेमात पडले होते. पुढे त्यांनीही जाहीर माफी मागितली. २०१२ मध्ये संस्थेचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनी सांगून टाकलं की मला भेटलेल्या लोकांपैकी ९९.९ टक्के लोकांचा कल बदललेला नाही. २०१३ च्या जूनमध्ये माफी मागून संस्था बंद केली. सदतीस वर्षं हेच काम केलेल्या, त्यावर मनापासून श्रद्धा असलेल्या माणसांचा हा कबुलीजबाब आहे. विरोधकांचा आरोप असता तर मी तुम्हाला तो इतक्या विस्तारानं सांगितला नसता.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २००९ साली १९६० पासूनचे या विषयावरचे ८३ अभ्यास तपासले. निष्कर्ष असा की कल बदलण्याची शक्यता फारशी नाही आणि इजा होण्याचा धोका मात्र आहे. त्या जुन्या अभ्यासांत विजेचे झटके होते, ओकारी आणणारी इंजेक्शनं होती. आपल्या देशातही झटके दिले गेले आहेत. त्यातून हाती काय लागलं? काही पुरुषांचं पुरुषांविषयीचं आकर्षण प्रयोगशाळेपुरतं कमी झालेलं दिसलं. पण त्याच्या जागी स्त्रियांविषयी ओढ निर्माण झाली, असं दिसलं नाही. एकूण इच्छाच मेली.

हार्मोनच्या तपासणीवर पैसे घालवू नका. पुरुषी हार्मोन देऊन बघण्याचे प्रयोग १९४० च्या दशकातच होऊन गेले आहेत. इच्छा वाढली तर वाढली, तिची दिशा तीच राहिली. संमोहनातही माणूस त्याला स्वतःला जे वाटतं तेच घेऊन बसलेला असतो.

आता हरकतीच्या मुद्द्यावर येते, कारण तुमचा खरा प्रश्न ‘उपयोग होतो का’ हा नाहीच. तो आहे, ‘नाही झाला तर नाही, पण बिघडतं काय?’

तुमचा मुलगा म्हणाला, “तुमचं समाधान होत असेल तर येतो मी.” सर, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. यात त्याला स्वतःला काय हवंय, याचा एक शब्द नाही. त्याला तुम्ही हवे आहात. त्यासाठी तो पुण्याच्या त्या सेंटरमध्ये दर आठवड्याला जाऊन बसेल. समोरचा माणूस विचारेल, “या आठवड्यात विचार किती वेळा आले?” पहिल्या वेळी तो खरं सांगेल. मग त्याला सांगतील की तुझे प्रयत्न कमी पडताहेत, मनापासून कर. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो म्हणेल, “कमी झालेत.” ते तुम्हाला फोन करून सांगतील की छान प्रतिसाद आहे. तुम्ही घरी पेढे आणाल. आणि तो रात्री खोलीवर एकटा बसून हा हिशेब करेल की आता जन्मभर वडिलांशी असंच बोलावं लागणार. थेरपी ‘लागू पडली’ म्हणतात ती पुष्कळदा अशी लागू पडलेली असते.

आणि न बदलल्याचा दोष सेंटरवर कधीच येत नाही. तो मुलावर येतो. ‘आईवडिलांनी एवढे पैसे घातले तरी मी सुधारलो नाही’ हे ओझं घेऊन फिरणारी मुलं मी बघितली आहेत. अमेरिकेत २०१८ साली २४५ तरुणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आईवडिलांनी त्यांचा कल बदलण्याचा प्रयत्न केला होता, त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त होतं. बाहेरच्या थेरपिस्टकडे किंवा धर्मगुरूंकडेही नेलं होतं, त्यांच्यात त्याहून जास्त. तुम्ही शिक्षक म्हणून म्हणाल की हा फक्त सहसंबंध झाला, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. बरोबर. पण ताजव्याच्या दुसऱ्या पारड्यात ठेवायला काही आहे का? फायदा झाल्याचा एकही नीट अभ्यास नाही. ज्या औषधाचा गुण सिद्ध नाही आणि अपाय वारंवार दिसतो, ते पोटच्या मुलाला ‘एकदा देऊन बघू’ असं आपण म्हणतो का?

सेंटरवाले तुम्हाला आणखी एक गोष्ट ऐकवतील: “आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही. मुलाला स्वतःलाच हे नको आहे, म्हणून उपचार.” पूर्वी ही पळवाट होती. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलैंगिकता आजारांतून काढली, तरी ‘स्वतःचा कल स्वतःला खुपणं’ हे वेगळं निदान यादीत राहिलं होतं. २०२२ पासून लागू झालेल्या नव्या यादीत तेही नाही. माणसाला आपला कल खुपतो तो बहुतेक वेळा घरच्यांच्या तोंडाकडे बघून खुपतो, हे तज्ज्ञांना कळायला वेळ लागला.

आपल्याकडचा कायदाही माहीत असू द्या. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेनं २०१८ मध्येच समलैंगिकता हा आजार नाही असं जाहीर केलं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. आणि २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात जे झालं, ते मी तुम्हाला मुद्दाम सांगते. मदुराईच्या दोन तरुणी एकमेकींबरोबर राहण्यासाठी घर सोडून चेन्नईला आल्या. आईवडिलांनी त्या हरवल्याची तक्रार केली, पोलीस मागे लागले. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांच्यापुढे प्रकरण आलं. त्यांनी आधी त्या मुलींना आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना समुपदेशकाकडे पाठवलं. मग निकाल लिहिण्याआधी म्हणाले की मला स्वतःला हा विषय अजून नीट उमगलेला नाही, आणि स्वतः मानसशास्त्रज्ञापुढे शिकायला बसले. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती! ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी लैंगिक कल औषधोपचारानं बदलण्याच्या प्रयत्नांवर बंदी घातली आणि असं करणाऱ्या व्यावसायिकांचा परवाना काढून घेण्यापर्यंत कारवाई व्हावी असं म्हटलं. त्यातूनच पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे मेहुण्यांनी शोधलेला गृहस्थ नोंदणीकृत डॉक्टर असेल, तर तो जे विकतोय त्याबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार होऊ शकते. आणि नोंदणीकृत नसेल, तर तुम्ही मुलाला कुणाच्या हवाली करताय याचा विचार करा.

“माझं कुठे चुकलं?” कुठेच नाही. वडील कडक किंवा दूरचे आणि आई फार माया करणारी, म्हणून मुलगा असा होतो, ही कल्पना अमेरिकेतल्या मनोविश्लेषकांची. १९६२ साली आयर्व्हिंग बीबर यांनी १०६ समलिंगी पुरुषांवरून ती मांडली. ते सगळे उपचार घेणारे रुग्ण होते, म्हणजे मुळातच मनानं त्रासलेले. दवाखान्यातल्या माणसांवरून गावाची तब्येत कशी ठरवणार? पुढे ती कल्पना टिकली नाही. आणि कडक वडिलांच्या हाताखाली वाढलेली मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत, त्यांची लग्नं होऊन नातवंडं झाली. होस्टेलचाही संबंध नाही. तुमच्या मुलाला नववीत कळलं होतं, होस्टेल अकरावीचं. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. ‘गे’ करणारं एक जनुक असं काही सापडलं नाही, अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार दिसला आणि बाकी बरंच काही अजून उलगडायचं आहे. पण वडिलांच्या शिस्तीनं हे घडतं, असं कुठेही आढळलेलं नाही. तुम्ही स्वतःला लावून घेतलेली ही शिक्षा काढून टाका.

हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्याकडे नव्हतं, असं मेहुणे म्हणतील तेव्हा त्यांना ‘समाजस्वास्थ्य’ची आठवण द्या. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत हे मासिक चालवलं. त्यात आजच्या या सदरासारखीच वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत, आणि समलिंगी संबंधांबद्दलचे प्रश्नही वाचक पाठवत. मराठी वाचक, त्या काळातले. या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचं वकीलपत्र कुणी घेतलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कुणी समलैंगिकतेविषयी लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, असं त्यांनी मांडलं. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न तेव्हाही मराठी घरांतूनच येत होते.

आता तासगावचं स्थळ. इथे मी थोडी कडक बोलते. त्या मुलीला यातलं काही माहीत आहे का? तिच्या वडिलांना? तेही तुमच्यासारखेच कुणी असतील, पोरीच्या लग्नासाठी पैसा जमवून बसलेले. तिला नवऱ्याचं प्रेम मिळणार नाही आणि का मिळत नाही हेही कळणार नाही. आधी ती स्वतःच्या दिसण्याला दोष देईल, मग सासू तिला मूल होत नाही म्हणून विचारायला लागेल. माझ्याकडे अशा बायका येतात. पंधरा-पंधरा वर्षांनी कळलेल्या. त्यांचा राग नवऱ्यावर कमी आणि सगळं माहीत असून गप्प बसलेल्या सासू-सासऱ्यांवर जास्त असतो. स्थळाला नकार कळवा. ‘मुलाचा अजून विचार नाही’ एवढं पुरे, त्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय कुणाला सांगू नका.

मुलाशी काय बोलायचं, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण तोच सगळ्यात मोठा आहे. लांबलचक बोलू नका, तुम्हाला जमणारही नाही आणि त्याला ऐकवणारही नाही. फोन करा आणि सांगा: “मी त्या डॉक्टरची अपॉइंटमेंट रद्द केली. तू यायचं नाहीस. मला अजून सगळं समजलेलं नाही, पण तू माझा मुलगा आहेस.” तो गप्प राहिला तर राहू द्या. जेवलास का विचारा. पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा त्याच्या ताटाशेजारी जेवायला बसा. स्वीकार वगैरे मोठे शब्द नंतरचे, आधी दिवाळीपासून तुटलेलं बोलणं जोडा. आणि एक गोष्ट त्याला सरळ विचारा: जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का? विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला, तर त्याला एकटं ठेवू नका आणि लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे न्या, नैराश्यासाठी, कल बदलण्यासाठी नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो.

समुपदेशन हवंच आहे, पण ते तुम्हाला दोघांना. तुम्ही एक मोठी गोष्ट एकट्यानं गिळून बसला आहात, वहिनीही चार दिवस तशाच बसल्या होत्या. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट, आणि अशा मुलांच्या आईवडिलांनीच चालवलेला ‘स्वीकार’ हा गट आहे. तिथे तुम्हाला तुमच्याच वयाचे, तुमच्यासारखेच हबकलेले आणि मग सावरलेले वडील भेटतील. माझ्यापेक्षा ते तुम्हाला जास्त उपयोगी पडतील.

राहिले दहा हजार. पावती जपून ठेवा आणि पैसे लेखी परत मागा. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात २०१५ साली ज्यूरीनं अशीच थेरपी विकणाऱ्या एका संस्थेला ग्राहकांची फसवणूक केल्याबद्दल दोषी धरलं होतं. आपल्याकडे ग्राहक आयोग आहे, तो गृहस्थ डॉक्टर असेल तर वैद्यक परिषदही आहे. पण तक्रार करायची की नाही, ते मुलाला विचारल्याशिवाय ठरवू नका. कागदावर नाव त्याचं येणार आहे. तो नको म्हणाला, तर दहा हजारांवर पाणी सोडा आणि मेहुण्यांना सांगा की हा विषय आता आमच्या घरात संपला.